घाटावरची पोरं आणि मुरमाचा उतार

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यात पक्के आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेची उत्तरेकडची कड पूर्णेच्या खोऱ्यात एकदम उतरते आणि दक्षिणेकडे पठार हळूहळू कलत जातं. चिखली घाटावर आहे. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट किंवा खामगावकडे उतरणारा बोथा घाट इथून लांब नाही, पण ते ट्रकचे आणि एसटीचे रस्ते. तिथे मुलांच्या सायकलीचं काही काम नाही. चिखलीच्या मुलांची डोंगरी सायकल चालते ती गावाच्या शिवारात: बरड टेकाडांवर, ई-क्लासच्या पडीक जमिनीत, पाझर तलावाच्या भिंतीवर आणि नाल्यात उतरून पलीकडे चढणाऱ्या पांदणीवर.

ही मुलं दोन प्रकारची आहेत आणि या प्रकरणात दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक, ज्याला दहाव्या-बाराव्या वर्षी जाड टायरची, शॉकअपची गिअरवाली सायकल मिळाली आहे आणि जो रविवारी मित्रांबरोबर टेकाडावरून ती सोडून देतो. दुसरी, रोज शाळेत जाणारी मुलगी. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात आणि बुलढाणा जिल्हा त्यात आहे. सायकल सरकारी योजनेतली असो की घरच्यांनी घेतलेली, वाडीवस्तीवरची मुलगी दप्तर कॅरिअरला लावून सकाळी ज्या पांदणीने जाते तिथला दगडधोंड्यांचा उतार हौशी सायकलस्वाराने सुट्टीत शोधावा असाच असतो. फरक इतकाच की तिच्या सायकलीला गिअर नाहीत, रुंद टायर नाहीत, आणि हेल्मेटचा विषय तिच्या घरी कधी निघालेला नाही. सुरक्षिततेचं बोलायचं तर आधी तिच्याबद्दल बोललं पाहिजे.

सुरुवात उतारापासून करू, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. सायकल पायडल न मारता उतारावर सोडली तर तिला वेग मिळतो तो उताराच्या लांबीमुळे नाही, उभ्या उंचीमुळे. शाळेत शिकलेलं गणित इथे थेट लागू पडतं. तीन मीटर उंची, म्हणजे घराचा एक मजला, उतरल्यावर घर्षण धरलं नाही तर वेग ताशी २७ किलोमीटरच्या पुढे जातो. सहा मीटर उतरल्यावर तो ३९ होतो. मुरूम, माती आणि वारा यातला काही भाग खाऊन टाकतात, तरी दोन मजली घराएवढ्या टेकाडावरून ब्रेक न लावता आलेलं पोर खाली पोचतं तेव्हा गावातल्या मोटरसायकलच्या वेगाला आलेलं असतं. ताशी २० किलोमीटर वेगातसुद्धा सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. समोर काय आहे ते दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर कापून झालेलं असतं. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, आणि हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला फक्त मजा दुप्पट झालेली कळते.

म्हणून मुलांसाठी उतार मोठ्यांनी निवडायचा, आणि निवडताना माथा बघायचा नाही, पायथा बघायचा. उतार संपतो तिथे काय आहे? सपाट गायरान असेल, पुढे थोडा चढ असेल, तर ब्रेक चुकला तरी सायकल आपोआप मंदावते. तिथे डांबरी रस्ता असेल, नाल्याची दरड असेल, कठडा नसलेली विहीर किंवा काटेरी तारेचं कुंपण असेल, तर तो उतार कितीही सोपा दिसला तरी मुलांचा नाही. मुलाचं कौशल्य कमी पडेल हे गृहीत धरूनच जागा शोधायची असते. दहा वर्षांच्या मुलाचा अंदाज चुकणारच, आणि तो चुकला तर खाली मोकळी जमीन मिळावी, एवढी सोय आपण करू शकतो.

जमिनीचंही तसंच आहे. आपला मुरूम म्हणजे झिजलेला काळा बसाल्ट. दाबून बसलेला असला तर रस्ता चांगला, पण सुटा पसरलेला असला तर त्यावर चाक, सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसं सटकतं, आणि वळणावर पुढचं चाक सटकलं की सावरायला वेळच मिळत नाही. नव्याने काम निघालेल्या पांदणीवर आधी मोठी खडी टाकतात आणि मुरूम मागाहून येतो. मधल्या आठवड्यांत ती वाट मुलांनी सायकल हातात धरूनच पार करावी. काळ्या रानातून जाणाऱ्या पांदणीचा प्रश्न पावसाळ्यात येतो. ओली काळी माती टायरला थर धरत जाते, चाक आणि फोर्क यांच्यामध्ये ठासून बसते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. हे चढावर झालं तर सायकल अडते, उतारावर झालं तर मूल हँडलवरून पुढे जातं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीची वाट दोन दिवस सोडावी आणि बरडावरून जावं.

डोंगरी सायकलीचा जन्मच ब्रेकच्या अडचणीतून झाला आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपैस डोंगराभोवती जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि त्यांचे मित्र जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. १९७६ साली त्यांनी एका वाटेवर शर्यत सुरू केली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत ती वाट चारशे मीटर उतरत होती. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यात उलटं पायडल मारून लागणारा एकच ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागे. त्या वाटेला पडलेलं ‘रीपॅक’ हे नाव याच कामावरून आलं. त्या मंडळींनी मग जुन्या सायकलींना गिअर बसवले, चांगले ब्रेक बसवले आणि हाताला मोटरसायकलच्या ब्रेकसारखे भक्कम लिव्हर लावले. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला तोवर सायकल पार बदलली होती. आज चिखलीच्या दुकानात जाड टायर आणि दोन-दोन शॉकअपची सायकल पाहून मूल हरखतं तेव्हा आईबापांनी मात्र त्या मंडळींचा क्रम लक्षात ठेवावा: ब्रेक आधी, शॉकअप नंतर.

दुकानात बघण्याची गोष्ट साधी आहे. मुलाला सीटवर बसवा आणि दोन बोटांनी ब्रेक दाबायला सांगा. बोटं लिव्हरपर्यंत पोचत नसतील किंवा सगळा पंजा लावूनही चाक अडत नसेल, तर ती सायकल घेऊन टेकाडावर जायचं नाही. बऱ्याच लिव्हरना आत एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येतो, आणि मिस्त्रीला सांगितलं तर दोन मिनिटांचं काम आहे. स्वस्त सायकलींवरच्या तारेच्या डिस्क ब्रेकला झळाळी असते, पण तार ताणली गेली की तो नुसताच दिसायला उरतो. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे मुलाने सायकल उभी असताना दाबून ओळखायला हवं. घाबरलेलं मूल उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळतं. मग पुढचं चाक थांबतं आणि मागचं उचललं जातं.

दुसरी चूक मापाची. वाढत्या अंगाचे म्हणून कपडे मोठे घ्यायची आपली रीत आहे आणि सायकलीलाही तीच लावली जाते. दोन वर्षं पुरेल म्हणून घेतलेल्या सायकलीवर मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि नेमकं घसरायच्या क्षणी पाय टेकणं हाच त्याचा एकमेव उपाय असतो. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिल्यावर नळी आणि जांघ यांत तीन-चार बोटं अंतर हवं. वजनाचंही पाहा. दोन शॉकअपची लोखंडी सायकल पंधरा किलोच्या पुढे सहज जाते, आणि ती चालवणारं पोर तीस किलोचं असतं. तुमच्या-माझ्या वजनाच्या निम्म्या वजनाची सायकल उतारावर सावरायला दिली तर आपल्यालाही जमणार नाही.

मुलींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायची. ओढणी. गणवेशाची ओढणी चेनमध्ये किंवा चाकाच्या तारांमध्ये गुंतली की गळ्याला फास बसतो, आणि खडबडीत वाटेवर ती खांद्यावरून सुटतेच. सायकलवर बसण्याआधी ती दप्तरात ठेवावी, किंवा मागे घट्ट गाठ मारून कमरेला बांधावी. चेनकव्हर तुटलं असेल तर त्याच आठवड्यात बसवून घ्यावं. ही गोष्ट शाळेने सांगितली तर घरोघरी पोचते. शिक्षकांनी ती प्रार्थनेच्या वेळी सांगावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता हेल्मेट. आतला पांढरा भाग हा थर्मोकोलच्याच जातीचा फेस असतो. डोकं आपटतं तेव्हा तो चेमटतो आणि चेमटण्यात लागलेल्या क्षणभराने कवटीला बसणारा धक्का कमी होतो. एकदा चेमटलेला फेस परत फुगत नाही, त्यामुळे जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलावं. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट सपाट लोखंडावर साधारण दीड मीटर उंचीवरून सोडतात, म्हणजे आपटताना वेग असतो ताशी साडेएकोणीस किलोमीटर. उताराच्या गणितातले २७ आणि ३९ हे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहा. पडताना डोकं जमिनीकडे येतं ते साधारण मुलाच्या उंचीवरून, त्यामुळे सपाटीवर घसरून पडलेल्या मुलाला हेल्मेट उत्तम वाचवतं. पण तेच मूल भर वेगात सरळ दगडावर किंवा बाभळीच्या खोडावर गेलं तर हेल्मेटच्या चाचणीच्या बाहेरचा मामला होतो. तरीही ते घालायचंच. ऑस्ट्रेलियातल्या जेक ऑलिव्हिए आणि प्रुडन्स क्रेटन या संशोधकांनी चाळीस अभ्यासांतल्या ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. एका वस्तूने एवढा फरक पडत असेल तर ती वस्तू सायकलीबरोबरच घ्यावी.

मोटरसायकलचं हेल्मेट मुलाला घालू नये, ते जड असतं आणि मानेवर ताण येतो. डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपने भुवयांच्या वर मोजून सेंटिमीटरमध्ये माप घ्यावं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवं बसावं, मागे कलू नये, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम जावं. उंच बांधलेला पोनीटेल किंवा टोचणारी क्लिप आत नको, खाली वेणी घालावी. आपल्याकडे मोटरसायकलवर मागे बसणाऱ्या चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ साली केंद्र सरकारने जो नियम केला, त्यात सायकलच्या हेल्मेटलाही मान्यता दिलेली आहे. म्हणजे लहान भावंडाला दोन्हीकडे एकच हेल्मेट चालू शकतं.

वाट निवडली, सायकल पाहिली, हेल्मेट बसवलं, आता ती वाट मोठ्या माणसाने आधी पायी चालून यावं. आपल्या शिवारातले धोके पुस्तकातल्या धोक्यांपेक्षा वेगळे आहेत. रानडुकरं आणि रोही पिकात येऊ नयेत म्हणून शेताभोवती झटका मशीनच्या तारा असतात. सौरऊर्जेवरची यंत्रं थांबून थांबून झटका देतात, पण काही जण बेकायदा थेट लाइनचा करंट सोडतात आणि त्याने माणसं मेलेली आहेत. पांदणीवरून आडवी तार लावलेली असेल तर सायकलवर बसलेल्या मुलाच्या ती बरोबर छातीला किंवा गळ्याला येते, आणि संध्याकाळी ती दिसत नाही. मुलांना दोन सवयी लावाव्यात: कोणत्याही तारेला हात लावायचा नाही, आणि धुऱ्यावर कुणी दिसलं की थांबून विचारायचं, ‘मामा, पुढे तार लावेल हाये का?’ शेतकरी नक्की सांगतो. शेततळ्यांचंही असंच. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा काठ इतका निसरडा असतो की पोहता येणारा मुलगासुद्धा आत पडला तर वर येऊ शकत नाही. तळ्याच्या बांधावर सायकल नेणं पूर्ण बंद, यात चर्चा नको.

सराट्याचे काटे पंक्चर करतात एवढाच त्रास नाही. हवा गेलेलं पुढचं चाक वळणावर रिमवरून सरकतं. निघण्याआधी हवा पाहणं आणि दोन्ही चाकांचे नट हाताने हलवून पाहणं हे मुलानेच करावं, मोठ्यांनी फक्त बघावं.

आणि जंगल. बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. तिथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत, आणि २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून तिथे पोचला होता. अभयारण्यात मुलांना सायकलवर नेऊ नये हे उघड आहे, पण जनावरं हद्द पाळत नाहीत. अस्वल अचानक समोर आलेल्या गोष्टीवर धावून जातं, आणि सायकल नेमकी तशीच येते, बिनआवाजाची आणि वेगाने. २०१६ साली अमेरिकेत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक अनुभवी सायकलस्वार वळणावर थेट अस्वलावर आदळला आणि त्याचा जीव गेला. अमडापूरच्या बाजूच्या झाडोऱ्यातून जाताना मुलांनी घंटी वाजवत, बोलत जावं. पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीला जाऊच नये. धनगराची कुत्री अंगावर आली तर पळवायची नाही. उतरून सायकल मध्ये धरायची आणि मालकाला हाक मारायची. कुत्रा चावलाच तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

शिकवण्याचं काम मला सगळ्यात आनंदाचं वाटतं. ते टेकाडावर होत नाही, शाळेच्या मैदानावर होतं. दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून सीटवरून किंचित उठून चालवणं, गुडघे आणि कोपरं सैल ठेवणं, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वाटेवर लांब ठेवणं. ज्या दगडाकडे मूल टक लावून पाहतं त्याच्यावरच ते जातं. मग दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत एका रेघेवर थांबायचा खेळ. हे मैदानावर सहज जमायला लागलं की एका मजल्यापेक्षा कमी उंचीचा उतार द्यावा. गटाने जाताना एक मोठं माणूस पुढे आणि एक मागे हवं. पुढच्याने वेग ठरवायचा आणि त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. उतारावर पहिला खाली पोचून बाजूला झाल्यावरच दुसऱ्याने निघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उतरून सायकल हातात धरून चालणं केव्हाही चालेल, आणि त्यावर कुणी ‘घाबरला का रे?’ म्हणणार नाही, हे आधीच ठरलेलं असावं. माझ्या मते मुलांना धोक्यात घालणारं या सगळ्यातलं सर्वांत मोठं कारण हे चिडवणं आहे, आणि ते बहुतेक वेळा मोठ्यांकडून सुरू होतं. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत घरी यावं. मुलांचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं, आणि त्यांना तहान लागल्याचं सांगायची सवय नसते.

इतकं करूनही मुलं पडतात. गुडघे-कोपरं खरचटली तर स्वच्छ पाण्याने धुऊन कापड बांधावं. माती, चुना, टूथपेस्ट लावू नये, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते पाहावं. मनगट किंवा खांद्याचं हाड दुखत असेल तर हाडवैद्याकडे ओढून बसवून घेऊ नये, कारण वाढीच्या वयातल्या हाडाच्या टोकाची इजा एक्स-रेशिवाय कळत नाही. डोकं आपटल्यानंतर मूल तेच तेच विचारत असेल, उलटी होत असेल, गुंगी येत असेल, डोकेदुखी वाढत असेल, तर १०८ ला फोन करावा. यातलं काही नसलं तरी त्या दिवशी सायकल पुन्हा चालवायची नाही. मान दुखते म्हणालं तर हलवू नये, श्वास नीट असेल तर हेल्मेटही काढू नये.

पण ज्या इजेबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ती बाहेरून दिसतच नाही. मूल हळू वेगात पडतं, पडताना चाक आडवं वळतं आणि हँडलचं टोक पोटात घुसल्यासारखं लागतं. कातडीवर फार तर रुपयाएवढा गोल वळ उठतो, कधी तोही नाही. मूल रडतं, उठतं, घरी येतं. आत मात्र प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं, स्वादुपिंड किंवा आतडं मणक्यावर चिरडलेलं असू शकतं. १९९८ साली फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी अशा मुलांचा अभ्यास ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात मांडला. पडणं अगदी किरकोळ, इजा मात्र गंभीर, आणि त्रास दिसायला सरासरी जवळपास एक दिवस लागलेला, असं त्यात आढळलं. मुठीचं रबर फाटून नळीचं उघडं तोंड बाहेर आलेलं असेल तर ते पोकळ पात्यासारखं कापतं. आपल्याकडच्या जुन्या सायकलींवर अशा फाटक्या मुठी सगळीकडे दिसतात. नवी जोडी थोडक्या पैशांत येते. या प्रकरणातली एकच गोष्ट आज करायची असेल तर ती करावी.

हँडल पोटाला लागलं असेल तर पुढचे दोन दिवस मुलावर लक्ष ठेवावं. पोट किंवा डावा खांदा दुखणं, पोट कडक होणं, उलटी, जेवण नको म्हणणं, चेहरा पांढरा पडणं, लघवीला लाल होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. त्या मुलाला खायला-प्यायला न देता, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि सर्जन असलेल्या रुग्णालयात न्यावं. चिखलीत आणि बुलढाण्यात ही सोय कुठे, कोणत्या वेळी असते हे आधीच विचारून ठेवावं. आणि तिथे डॉक्टरांना ‘सायकलवरून पडला’ एवढंच सांगू नये. त्या वाक्यावर सगळ्यांचं लक्ष गुडघ्यांकडे जातं. ‘हँडलचं टोक पोटात लागलं आहे, इथे, काल संध्याकाळी पाच वाजता’ असं जागेवर बोट ठेवून सांगावं.